सुटल्याची नोंद नाही

१

एसटीत एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन घंट्या म्हणजे चला. आकाराम लाडने कंडक्टर म्हणून ती दोरी अकरा वर्षं ओढली. पुढे बढती मिळून तो सांगली स्टँडवर वाहतूक नियंत्रक झाला, चौकशीच्या खिडकीमागे बसू लागला, तरी घंटी काही त्याच्या हातातून सुटली नाही. जेवताना पुरे झालं की तो ताटाच्या कडेवर बोटाने एकदा टण् वाजवायचा, आणखी भाकरी हवी असली की दोनदा. बघून बघून पोरगाही तेच शिकला.

"माझं सैपाकघर म्हंजे विटा गाडी वाटली व्हय तुमा दोगास्नी?" लीलाबाई म्हणायची आणि भाकरी टाकायची.

आकाराम सातवी शिकलेला. पण दर जानेवारीत नवी डायरी आणायचा, आणि तिच्यात काय सुटलं नि काय पोचलं एवढंच लिहायचा. स्टँडवरच्या रजिस्टरात गाड्यांचं, घरच्या डायरीत माणसांचं. 'सौ. कुंडलला गेली. सुटली ९.१०, पोचली १०.२५.' 'थोरले चुलते गेले. पहाटे ४.५०.' या नोंदीपुढे पोचल्याची वेळ कोरी होती. शेजारच्या हंबीररावाने एकदा ती कोरी जागा बघितली आणि विचारलं, "हितली येळ कोण कळवणार रं तुला?"

हंबीरराव फौजेतून, सिग्नलमधून, सुभेदार होऊन पेन्शनवर आलेला. त्याला कशाचीही टिंगल करायची सवय होती, आणि आकारामला त्याचं सोडून दुसऱ्या कुणाचं मत पटत नसे.

१९९१ च्या डिसेंबरात आकारामचा एकुलता एक मुलगा उदयसिंह मस्कतला नोकरीला निघाला. आयटीआय करून तो एसीचं काम शिकला होता. घरी फोन होता. सात वर्षं नंबर लावून आलेला, काळा, बाहेरच्या खोलीत तिवईवर, लीलाबाईने विणलेल्या जाळीच्या रुमालाखाली. पण परदेशातून बोलणं तेव्हा परवडण्यातलं नव्हतं. म्हणून बापलेकांनी ठरवून टाकलं. निघताना विमानतळावरून दोन रिंगा द्यायच्या. उतरल्यावर एक. उचलायचं नाही. चौथी रिंग वाजली तरच उचलायचं, म्हणजे बोलण्यासारखं काहीतरी घडलंय.

"एवढ्या लांब जाऊन लेकरानं एकदाच वाजवायचं?" लीलाबाईला ते अपुरं वाटलं.

"गाडी थांबली की एकच घंटी असती," आकाराम म्हणाला.

२

शाळेतल्या जुन्या नकाशाच्या पुस्तकावर दोरा धरून त्याने अंतर मोजलं. मुंबई ते मस्कत, सरळ रेषेत पंधराशे सत्तर किलोमीटर. तिकिटावर लिहिलं होतं, सुटणार ८.००, पोचणार ९.१०. त्याने भागाकार केला, पुन्हा केला, आणि हातातला घास टाकून हंबीररावाकडे गेला.

"सत्तर मिन्टांत पंधराशे किलोमीटर? तासाला तेराशेच्या वर झालं की. यसटी असती तर ड्रायव्हरला गाडीवरनं उतरवला असता."

हंबीरराव खोकला येईस्तोवर हसला. "आरं गड्या, सुटतंय त्ये आपल्या घड्याळानं आन् पोचतंय त्येंच्या घड्याळानं. मस्कत आपल्या मागं दीड तास. त्येंचे नऊ-दहा म्हंजे आपले दहा-चाळीस. दोन तास चाळीस मिन्टं उडतंय इमान. लिव आता लाल शाईनं."

आकारामने खरंच लाल शाईने दुरुस्ती केली. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं धाववेळेचं गणित चुकलं होतं, आणि ते त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने एक भिंतीवरचं घड्याळ आणलं, जुन्याच्या शेजारी टांगलं आणि दीड तास मागे लावलं. "हे तुझं," तो उदयला म्हणाला. "तुला काय वाजलं असंल ते आमाला हितं बसून दिसंल."

त्या दिवसापासून बाहेरच्या खोलीत दोन घड्याळं चालू लागली. दोन्हीची टिकटिक कधी एकावेळी पडत नसे. एक टिक, मग किंचित थांबून दुसरी, जणू पहिल्याच्या मागून कुणीतरी चालतंय.

उदय गेला त्या दिवशी सकाळी सहाला दोन रिंगा आल्या. मग अकरा पंचवीसला एक. आकाराम पेन उघडून बसलेलाच होता. आठला उड्डाण, दहा-चाळीसला उतरणं, बाहेर पडून फोन गाठायला पाऊण तास. गणित चोख जुळलं. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला, डब्याचं झाकण वाजलं. लीलाबाईने देवापुढे चिमूटभर साखर ठेवली.

'उदय पोचला. ११.२५.'

३

दोन वर्षांनी उदय सुट्टीवर येऊन परत गेला. १९९३ चा डिसेंबर. तेच विमान, तीच वेळ. सहाला दोन रिंगा, आणि पोचल्याची एक रिंग आली दहा-चाळीसला.

आकारामने ती वेळ लिहिली आणि पेन तसाच धरून राहिला. दहा-चाळीस म्हणजे चाकं जमिनीला टेकतात ते मिनिट. त्या मिनिटाला माणूस पट्टा बांधून बसलेला असतो. विमान लवकर पोचलं असेल, असं म्हणून त्याने पान उलटलं. पण कडेला पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह काढायला तो विसरला नाही.

१९९५ मध्ये रिंग आली नऊ-वीसला.

लीलाबाईने साखर ठेवली. आकाराम मात्र दोरा आणि नकाशा घेऊन बसला. नऊ-वीस म्हणजे बरोबर निम्मी वेळ. निम्मं अंतर, सातशे पंच्याऐंशी किलोमीटर. त्याने दोऱ्यावर तिथे बोट ठेवलं. बोटाखाली नुसता निळा रंग होता. ना बंदर, ना बेट.

"आरं, लाइनीवर कुणाचंबी कुटंबी लागतंय," हंबीरराव म्हणाला. "एक रिंग म्हंजे काय पुरावा हाय व्हय? हळदीच्या पेठेत फोन लावत आसंल कोन, नंबर चुकला म्हणून ठिवला. तू म्हनं पोरगा पोचला! का तुझा पोरगा इमानाच्या म्होरं पळतोय?"

"मग खरी रिंग कुटं गेली? दिसभर दुसरी आली न्हाई."

हंबीरराव तपकिरीची डबी शोधू लागला.

आकारामने पत्र लिहिलं. दीड महिन्याने उत्तर आलं. 'आबा, रिंग मी उतरल्यावरच दिली, नेहमीसारखी. तुम्ही घड्याळ बघायला चुकला असाल. दोन दोन लावून ठेवलीत भिंतीवर.'

त्याने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. घड्याळ बघायला तो चुकला नव्हता.

४

संशय एकदा घरात शिरला की जेवायलाही बसतो. आकारामच्या मनात आलं की पोरगं मस्कतला जातच नाही. मुंबईतच कुठेतरी राहतं, जमेल तेव्हा रिंग देतं, आणि आपण इथे साखर ठेवतो. त्याने जुनी पाकिटं काढली. टपालाची तिकिटं ओमानची होती. शिक्के भिंगातून बघितले. ओमानचेच होते. पण पाकीट कुणाच्याही हाती देऊन तिथून टाकता येतं. एसटीत त्याने माणसं बघितली होती, कराडचं तिकीट काढून साताऱ्यापर्यंत जाणारी.

लीलाबाईने त्याला भिंगासकट पकडलं.

"काय चाललंय?"

"काय न्हाई. शिक्के बघतोय."

"पोटच्या पोराला तिकीट-चेकरवानी बघताय व्हय? आवं, लाज धरा. त्येनं पाठवलेला स्वेटर अंगात हाय तुमच्या."

आकारामने पाकिटं परत पेटीत ठेवली. स्वेटरही काढून ठेवला, उकडत होतं म्हणून. तसं त्याने स्वतःला सांगितलं.

१९९७ ला उदय सुट्टी संपवून निघाला तेव्हा आकाराम म्हणाला, "मी येतो विमानतळापातुर."

"आबा, कशाला? रातभर गाडीत बसायचं."

"इमान बघितलं न्हाई कवा," आकाराम म्हणाला.

५

सकाळी सहारच्या विमानतळावर काचेच्या अलीकडे तो उभा राहिला. पलीकडे उदय रांगेत होता. निळी बॅग, कागदी पेल्यात चहा. पोराने मागे वळून बघितलं, हसला, आणि हात वर करून दोरी ओढल्यासारखं दोनदा केलं. डबल घंटी. चला.

आकारामने सवयीने मनगटाकडे बघितलं आणि खिशातल्या डायरीत लिहिलं. '७.०५. काचेतून हात केला.' मग उदय आत गेला. आठला विमान सुटलं. तो आवाज आकारामने छातीत ऐकला, आणि गेली दोन वर्षं आपण कसला माणूस झालो होतो याची त्याला शरम वाटली. पोरगं खरंच जात होतं. परतीच्या गाडीत बसल्यावर त्याला हलकं वाटलं.

साडेचारला गाडी सातारा स्टँडवर थांबली. वीस मिनिटं होती. तो समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरला, काचेचं दार ओढून घेतलं आणि घरचा नंबर फिरवला. आपल्याच घरातली रिंग तो पहिल्यांदा या बाजूने ऐकत होता. एक, दोन, तीन. लांब, ओल्या जागेत वाजल्यासारखी. चौथीला लीलाबाईने उचललं.

"आवं, कुटनं बोलताय?"

"साताऱ्यातनं. रिंग आली का?"

"आली की. कवाच आली."

"किती वाजता?"

"सकाळीच. रेडिओवर सात-पाचच्या बातम्या लागल्या हुत्या. बाईनं नाव सांगितलं आन् तवाच वाजला. एकदाच. साखर ठिवली मी."

बूथच्या काचेबाहेर एक बाई पोत्यावर बसून बोरं विकत होती. आकाराम तिच्याकडे बघत राहिला. सात-पाचला उदय त्याच्यासमोर चहा पीत होता.

"त्याच्यानंतर?" त्याने विचारलं. "अकराच्या पुढं? दुसरी आली असंल, नीट आठव."

"त्याच्यानंतर काय?" लीलाबाई म्हणाली. "एकदा पोचल्यालं माणूस परत कशाला पोचंल?"

बाहेर त्याच्या गाडीची डबल घंटी वाजली.

६

पुढची दोन वर्षं पत्रं येत राहिली. मजकूर नेहमीचा, अक्षर उदयचं. आकाराम आता पोरावर संशय घेत नव्हता. अडचण ही होती की संशयाला धरायला दुसरा माणूसच उरला नव्हता.

डायरीत त्याने चारही खेपा एकाखाली एक मांडल्या. ११.२५. १०.४०. ९.२०. ७.०५. रिंग दर खेपेला अलीकडे सरकत होती. आधी मस्कत, मग धावपट्टी, मग अर्धा समुद्र, मग सुटायच्याही आधी. जे कोणी पोचत होतं ते दर खेपेला थोडं आधी पोचत होतं. कुठे पोचत होतं, हे मात्र वेळेवरून कळत नव्हतं. पुढची रिंग कुठे असताना येईल, हे सांगायला त्रैराशिकाची गरज नव्हती. उदय घरातच असेल.

१९९९ च्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी, तो स्टँडवरून दुपारी घरी आला तर उदय पाटावर जेवत होता.

"आबा!" तो उठला, पाया पडला. रंग थोडा उतरला होता, बाकी तोच.

"रिंगा दिल्या न्हाईस?"

"राहून गेलं, आबा. गडबडीत निघालो."

"आन् आलास कशानं? मुंबई गाडी आज आष्ट्याला पंक्चर झाली. दहाला आली स्टँडात. तू कवा आलास?"

"सातला," आतून लीलाबाई म्हणाली. "आल्या आल्या काय उलटतपासणी लावलीय? घास तरी गिळू द्या."

"खाजगी गाडीनं आलो," उदय म्हणाला. आणि आईकडे बघून, "आई, आणखी एक भाकरी दे."

"बगा," लीलाबाई कौतुकाने म्हणाली, "ताट वाजवायचं सोडलं पोरानं. मस्कतात जाऊन सुधारला. आता तुमी तेवढं ऱ्हायलासा."

रात्री आकारामने लिहिलं, 'उदय आला. सुटल्याची नोंद नाही.' वीस वर्षांत अशी गाडी त्याच्या रजिस्टरात आली नव्हती. पोचलेली गाडी कुठूनतरी सुटलेली असते.

पण त्याची खरी भीती पुढची होती. एकवीस डिसेंबरचं परतीचं तिकीट उदयच्या पेटीत होतं, आणि फोन तिवईवर रुमालाखाली गप्प बसला होता. तो वाजायच्या आधीच हे थांबवायला हवं, असं आकारामने ठरवलं. प्रवासच झाला नाही तर पोचणार कोण? तीन दिवस शब्द जुळवून त्याने एका सकाळी सांगून टाकलं.

"उदय, या खेपेला जाऊ नगंस."

त्याला वाद हवा होता. व्हिसा, कंपनी, कराराचं उरलेलं वर्ष, सगळ्याची उत्तरं त्याने तयार ठेवली होती. मागच्या प्रत्येक सुट्टीत पोरगं शेवटच्या आठवड्यात भिंतीवरच्या मस्कतच्या घड्याळाकडे बघत बसायचं.

"बरं," उदय म्हणाला.

"बरं?"

"ऱ्हातो की. तुमी थांब म्हनतासा तर थांबतो."

लीलाबाईने दोघांवरून हात ओवाळून बोटं मोडली. आकारामला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ते वाटलं, पण संध्याकाळपर्यंतच.

७

संध्याकाळी ड्यूटीवरून येऊन तो खुर्चीत बसला आणि खोलीत काहीतरी कमी आहे असं त्याला वाटू लागलं. रेडिओ जागेवर होता. कॅलेंडर, फोन, रुमाल, सगळं होतं. तो कान देऊन बसला. मग कळलं. टिकटिक एकच येत होती.

त्याने वर बघितलं. दोन्ही घड्याळं चालू होती. दोन्हीत सहा-दहा झाले होते. काटे एकावेळी पडत होते, पाऊल पावलावर ठेवल्यासारखे.

"घड्याळाला कुणी हात लावला?"

"मी," उदय आतून म्हणाला. टॉवेलने तोंड पुसत दारात आला. "त्ये उजवीकडलं लय मागं पडलं हुतं, आबा. दीड तास. लावून टाकलं."

आकाराम त्याच्याकडे बघत राहिला. आठ वर्षांपूर्वी याच खोलीत, याच खुर्चीशेजारी, त्याने ते घड्याळ पोराला दाखवलं होतं. हे तुझं. पोराने हसून त्याला सलाम केला होता. तीन सुट्ट्या तो त्याच घड्याळाखाली झोपला होता.

"काय झालं?" उदयने विचारलं. "बिगाडलं का काय?"

"न्हाई," आकाराम म्हणाला. "बरं केलंस."

तो हंबीररावाकडे गेला. सगळं सांगितलं. हंबीररावाने या वेळी टिंगल केली नाही.

"इसरला आसंल," तो म्हणाला. "माणूस इसरतंय. मी बायकूचं नाव इसरलो हुतो एकदा, लेहला."

"तुला पटतंय का?"

"मला पटून काय व्हतंय? तुझा पोरगा हाय. तू वळखायचा." त्याने तपकीर ओढली. "वळखतोस न्हवं?"

आकाराम घरी आला. उदय आईला पाटा उचलून देत होता. हनुवटीवरचा वण तिथेच होता, सायकलवरून पडल्याचा. आवाज तोच, हसणं तेच. त्याला थांबवण्यासाठी आपण तीन दिवस शब्द जुळवले होते, आणि तो मात्र लगेच थांबला होता. आकारामने घड्याळ परत मागे लावलं नाही. उंचावर हात नेण्याची त्याला हिंमत झाली नाही, कारण मग उदयने विचारलं असतं, का.

८

एकवीस डिसेंबरला त्याने रजा टाकली. सहा वाजता दोन रिंगा आल्या नाहीत. कुणी सुटलंच नव्हतं, मग येणार कशा? तो खुर्चीत बसला, मांडीवर डायरी.

सात-पाचच्या बातम्या लागल्या. बाईने नाव सांगितलं. फोन गप्प होता.

आठ वाजले. मुंबईत विमान सुटलं असेल, एक जागा रिकामी घेऊन.

नऊ-वीस. उदय अंगणात कुऱ्हाडीने ढलपे काढत होता. एक घाव, मग लाकूड बाजूला टाकल्याचा आवाज. आकाराम ते मोजत बसला. फोन वाजला नाही.

दहा-चाळीस. पाटीवरून रेघ पुसावी तसं काहीतरी त्याच्या मनावरून पुसलं गेलं. चारांपैकी तीन वेळा टळल्या होत्या. उरलेली वेळ खरी होती, पहिली, प्रामाणिक. ती खोटी कशी ठरेल? तिला तर कुणीतरी खरंच जाऊन पोचावं लागतं. आपण म्हातारे झालो, लाइनीच्या दोषाला घाबरलो, पोराची नोकरी घालवली. असंही असेल. असंच असू दे, असं तो म्हणाला.

अकराला उदय हातपाय धुऊन बाहेरच्या खोलीत जेवायला बसला. आत भाकऱ्या चालल्या होत्या. थप्, थप्, थप्. आकारामचं ताटही वाढलेलं होतं. त्याने हात लावला नव्हता.

दोन्ही घड्याळांत अकरा पंचवीस झाले.

फोन वाजला. एकदा.

भाकरी थापायची थांबली. सवयीने डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि मग बंद झाल्याचा आला नाही. लीलाबाई पिठाच्या हातांनी दारात आली. तिने फोनकडे बघितलं. मग पाटावर बसलेल्या पोराकडे बघितलं. तिची चिमूट मिटलेली होती.

उदयने मान वर केली नाही. घास कालवत राहिला. मोठं ओझं खाली ठेवावं तसा त्याने श्वास सोडला.

"पोचला," तो म्हणाला.

आकारामच्या मांडीवरच्या डायरीत मागची आठ वर्षं हाच शब्द होता. उदय पोचला. लिहिणाऱ्याने दुसऱ्याबद्दल लिहायचा शब्द. स्वतःच्या तोंडाने माणूस 'पोचलो' म्हणतो.

"कोन?" आकाराम म्हणाला. "कोन पोचला?"

उदयने पुढचा घास घेतला. आणि तो घास बघतानाच आकारामला लख्ख कळलं की त्याने एकाला घरात थांबवून ठेवलं होतं, आणि तो कोण हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

लीलाबाई दारातच उभी होती. बाहेर रस्त्यावरून हळदीच्या पोत्यांचा हातगाडा गेला, त्याची चाकं लांबपर्यंत ऐकू आली. आकाराम फोनकडे बघत होता. उचलावा आणि कान लावावा, एवढंच करायचं होतं. पण रिंग संपली होती, आणि संपलेली रिंग उचलून कुणी सापडत नाही.

बारा मिनिटं गेली. तेवढी त्याने मोजली.

फोन पुन्हा वाजला.

एक.

उदयचा हात तोंडाशी थांबला. त्याने पहिल्यांदा मान वर केली. हनुवटीवरच्या वणापासून डोळ्यांपर्यंत तो चेहरा आकारामच्या ओळखीचा होता, आणि त्या चेहऱ्यावर भीती होती. लहानपणी शाळेचं प्रगतिपुस्तक दाखवताना असायची तशी.

दोन.

आकाराम तिसऱ्या रिंगेची वाट बघत राहिला. ती आली नाही.

डबल घंटी. निघालो.

"आबा," उदय खालच्या आवाजात म्हणाला. "किती वाजता येईल?"

वीस वर्षं लोक चौकशीच्या खिडकीशी येऊन हेच विचारत होते, आणि आकारामने कुणालाही उत्तराशिवाय परत पाठवलं नव्हतं. त्याचं तोंड आपोआप चालू लागलं. मस्कत ते मुंबई पंधराशे सत्तर किलोमीटर, दोन तास चाळीस मिनिटं. बाहेर पडायला तासभर. रात्री आठची सांगली गाडी, तीनशे नव्वद किलोमीटर, वाटेत सातारा, कराड.

"उद्या सकाळी सातला," तो म्हणाला.

उदयने मान डोलावली. भिंतीवर बघितलं, आधी डाव्या घड्याळाकडे, मग उजव्या.

"म्हंजे आजचा दिस हाय," तो म्हणाला. मग आईकडे वळला. "आई, आणखी एक भाकरी दे."

लीलाबाई काही क्षण तशीच उभी राहिली. मग आत गेली, आणि भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.